टाकी कोणती, नियम कोणता : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गॅस सिलिंडरचे २००४चे नियम जाऊन २०१६चे आले. मोठ्या टाक्यांचे १९८१चे नियमही त्याच वर्षी बदलले. पुढेही दुरुस्त्या होत राहिल्या, पण बऱ्याच वर्कशॉपच्या भिंतींवर तक्ते मात्र जुनेच टांगलेले दिसतात. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं दिली आहेत. ज्या पत्रांत एकच शंका होती, ती एकत्र केली आहेत.

आमच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये कॉम्प्रेसरची ५०० लिटरची टाकी आहे. विम्याच्या सर्व्हेला आलेल्या माणसाने ‘पेसोचं लायसन दाखवा’ म्हणून सांगितलं. एक एजंट ते काढून द्यायला तयार आहे. खरंच लागतं का?
— वर्कशॉपमालक, भोसरी

नाही. एजंटला पैसे देऊ नका.

हा घोळ सारखा होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पेसो म्हणजे पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना. मुख्यालय नागपूरला, आपल्या पश्चिम विभागाचं कार्यालय नवी मुंबईत बेलापूरला. तिच्या हातात १८८४चा स्फोटक कायदा आहे आणि त्याखाली दाबातल्या वायूंसाठी दोन वेगळे नियमसंच आहेत. पाण्याने मोजली तर ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त आणि १००० लिटरपर्यंत भरेल, शिवाय गॅस भरून इकडून तिकडे नेता येईल अशी टाकी ‘सिलिंडर’ ठरते. तिला गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागतात. १००० लिटरच्या वरची, मग ती जागेवर रोवलेली असो की टँकरवर बसवलेली, ‘प्रेशर व्हेसल’. तिला स्थिर व फिरत्या प्रेशर व्हेसलचे २०१६चे नियम. या दुसऱ्या नियमांतून एअर रिसीव्हर (कॉम्प्रेसरची हवा साठवणारी टाकी), हीट एक्सचेंजर, ऑटोक्लेव्ह, रिॲक्टर यांना नाव घेऊन वगळलं आहे. तुमची टाकी एअर रिसीव्हर आहे आणि भरून नेण्याचं सिलिंडरही ती नव्हे. म्हणजे दोन्हीकडून सुटली.

सुटली म्हणून मोकळी झाली असं नाही. युनिट ‘कारखाना’ ठरत असेल, तर ती औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या अखत्यारीत येते. महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ प्रमाणे दर सहा महिन्यांनी बाहेरून, दर वर्षी आतून आणि चार वर्षांच्या आत पाण्याच्या दाबाची चाचणी, आणि तीही मान्यताप्राप्त सक्षम व्यक्तीकडूनच, असा पायंडा आहे. २१ नोव्हेंबर २०२५पासून कारखाने कायद्याच्या जागी कामगारसुरक्षेची २०२०ची संहिता लागू झाली. कायद्याचं नाव बदललं तरी तपासणीच्या या मुदती पाळत राहा. विमा कंपनीला दाखवायचा कागद तोच, सक्षम व्यक्तीचा अहवाल. (वाफेचा बॉयलर असेल तर आणखी तिसरं दार: बाष्पके संचालनालय आणि २०२५चा बॉयलर कायदा, ज्याने १९२३चा कायदा बाजूला केला. २५ लिटरपेक्षा लहान बॉयलर त्यातून बाहेर राहतो.)

आता टाकीकडे या. एअर रिसीव्हर फुटतो तो बहुतेक वेळा खालून. हवेतला ओलावा तळाला साचतो, महिनोन्‌महिने ड्रेन उघडला जात नाही आणि पत्रा आतून खात जातो. वरून रंग झकास असतो. ड्रेन रोज उघडा. गंजाचं तांबडं पाणी सतत येत असेल तर थिकनेस मोजणाऱ्याला बोलवा आणि तळाच्या मध्यरेषेवर, ड्रेनच्या आजूबाजूला आणि वेल्डच्या दोन्ही बाजूंना मापं घ्यायला सांगा. नुसतं अंगाच्या मध्यावर माप घेऊन ‘ओके’ लिहिणारे बरेच असतात, त्यांचा अहवाल कामाचा नाही. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी महिन्यातून एकदा ओढून तो मोकळा आहे ना ते पाहा. प्रेशर स्विच चिकटला की कॉम्प्रेसर थांबत नाही, त्या वेळी मध्ये उभा असतो तो एवढा एक व्हॉल्व्हच.

चाचणी पाण्यानेच करा, हवेने नाही. १५ बारला ५०० लिटर पाणी जेमतेम पाव ते अर्धा लिटर आकसतं. टाकी फाटलीच तर पाणी फसकन बाहेर येतं आणि खेळ संपतो. तेवढ्याच दाबाच्या हवेत साठलेली ऊर्जा पाण्यापेक्षा हजारो पटींनी जास्त असते. ‘पाणी भरायची कटकट नको, कॉम्प्रेसरनेच दाब चढवून बघू’ म्हणणाऱ्या टेस्टरला दारातूनच परत पाठवा. पाणी भरतानासुद्धा वरचा प्लग उघडा ठेवून आतली हवा पूर्ण काढायची, नाहीतर अडकलेली हवा तोच धोका परत आत आणते.

सप्टेंबरमध्ये आलेल्या घरगुती सिलिंडरवर ‘बी-२५’ असं लिहिलं आहे. व्हॉट्सॲपवर आलं होतं की ही एक्स्पायरी असते. डिलिव्हरीवाला म्हणतो, चालतं. घ्यावं का?
— गृहिणी, सातारा

परत करा, पण कारण नीट समजून घ्या. वरच्या कड्याला धरणाऱ्या पट्ट्यांपैकी एकीच्या आतल्या बाजूला हे अक्षर असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. ‘बी-२५’ म्हणजे जून २०२५ संपायच्या आत या टाकीची पुढची चाचणी व्हायला हवी होती. त्या तारखेला टाकी मरत नाही आणि गॅस तर मुळीच खराब होत नाही. नव्या टाकीची पहिली चाचणी दहा वर्षांनी, पुढे दर पाच वर्षांनी. चाचणीत तिच्यात पाणी भरून २५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब देतात, पास झाली की नवं अक्षर घालून ती पुन्हा फिरते. मुदत उलटलेली टाकी प्लांटमध्ये भरायलाच नको होती. चूक तिथली आहे आणि बदलून मागणं हा तुमचा हक्क.

एवढं सांगून झालं, तरी या अक्षराची चर्चा जितकी होते तितका धोका त्यात नाही. स्वयंपाकघरातल्या आगी टाकीच्या पत्र्यातून क्वचित सुरू होतात. गळती असते ती व्हॉल्व्हच्या तोंडातल्या काळ्या रबरी रिंगेत आणि शेगडीच्या नळीत. डिलिव्हरीवाला असतानाच टोपण काढून आत पाहा: रिंग आहे का, चिरली आहे का. मग व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे फुगत राहिले तर टोपण परत घट्ट लावून टाकी त्याच्या हातात द्या. काडी पेटवून गळती शोधणारे महाभाग अजून आहेत. नळी आयएसआय शिक्क्याची ‘सुरक्षा’ होज, दीड मीटरपेक्षा लांब नको, ओट्याच्या भिंतीतून आरपार नेलेली नको, आणि पाच वर्षांनी बदलायची. नळीवर साल छापलेलं असतं, ते पाहा. तडा जातो तो नोजलवर चढवलेल्या शेवटच्या दोन इंचांत, कारण तिथे उष्णता आणि ताण दोन्ही असतात.

वास आला तर किती गॅस पुरतो, याचा हिशेब करून पाहा. आठ बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे साधारण साडेबावीस घनमीटर. हवेत १.८ टक्के एलपीजी झाला की मिश्रण पेट घेऊ शकतं. तेवढ्याला ९०० ग्रॅमच्या आसपास गॅस पुरतो, म्हणजे एका टाकीत अशी पंधराएक स्वयंपाकघरं बसतात. शिवाय हा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. खोलीभर सारखा न पसरता फरशीवर थर धरतो, त्यामुळे खालच्या थरात ही पातळी कितीतरी आधी गाठली जाते. फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि स्विचबोर्डची ठिणगी बाकीचं काम करते. म्हणून वास येताच दिवा लावायचा नाही, लागलेला घालवायचाही नाही, पंखाही नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, बाहेर जाऊन १९०६ला फोन. खालच्या सापटीतून गॅस झाडूने बाहेर ढकलावा लागला तर त्यात कमीपणा नाही.

स्कूटरवर मागे टाकी बांधून आणली तर दंड होतो का?
— विद्यार्थी, लातूर

भरलेलं सिलिंडर सायकलवरून किंवा कुठल्याही मोटारचालित दुचाकीवरून नेऊ नये असं नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. शहरभर काय चालतं ते आपण सगळेच पाहतो. नियम त्यामुळे बदलत नाही.

वर्कशॉपात ऑक्सिजनची १२ सिलिंडरं, डीएची (विरघळवलेल्या ॲसिटिलीनची) ६ आणि कटिंगसाठी १९ किलोची ८ एलपीजी असतात. लायसन लागेल का? ठेवायची कशी?
— लघुउद्योजक, वाळूज

ऑक्सिजन आणि डीएसाठी नाही, एलपीजीसाठी लागेल. बिनपरवाना साठ्याची मर्यादा गॅसच्या जातीप्रमाणे आहे. न पेटणाऱ्या, बिनविषारी गॅसची २०० सिलिंडरं चालतात, डीएची ५०. हायड्रोजनसारख्या इतर पेटणाऱ्या, बिनविषारी गॅसची २५ सिलिंडरं किंवा २०० किलो, जे आधी भरेल ते. क्लोरिन, अमोनियासारख्या विषारी गॅसची फक्त ५. एलपीजीची मर्यादा नगावर नाही, वजनावर: एका वेळी १०० किलो. तुमची आठ टाक्यांची १५२ किलो होतात. पाच ठेवल्या तर ९५, तेवढ्यात भागत असेल तर साठाच कमी करा. सहावी आली की फॉर्म ‘एफ’चा परवाना. हॉटेलांच्या मागे पिगटेलने (छोट्या जोडनळीने) जोडलेली वीस-वीस टाक्यांची बँक असते, तिला हाच हिशेब लागतो आणि बहुतेकांना तो माहीत नसतो. परवाना काढायचाच झाला तर सूक्ष्म-लघु उद्योगांना शुल्कात ५० टक्के आणि महिला उद्योजकांना ८० टक्के सवलत २०२४मध्ये केंद्राने जाहीर केली आहे. अर्ज ऑनलाइन होतो. आणि घरगुती १४.२ किलोच्या टाक्या वापरून हा आकडा जुळवायचा विचारही करू नका, तो २०००च्या एलपीजी आदेशाखाली वेगळा गुन्हा आहे.

आता मांडणी. ऑक्सिजन एका बाजूला, डीए आणि एलपीजी दुसऱ्या बाजूला, मध्ये पुरेसं अंतर किंवा पक्की भिंत. डीए आणि एलपीजी नेहमी उभी, साखळीने बांधलेली. डीएच्या बाबतीत ‘उभी’ला कारण आहे: आत मोकळा गॅस नसतोच. सच्छिद्र भरावात ॲसिटोन मुरवलेलं असतं आणि ॲसिटिलीन त्यात विरघळलेली असते. आडवी करून गॅस काढला की ॲसिटोन नळीत उतरतं, ज्योत गढूळ होते, रेग्युलेटरचं रबर जातं आणि टाकीत भराव कोरडा पडत जातो. मोकळ्या ॲसिटिलीनचा दाब प्रति चौरस सेंटिमीटर १ किलोच्या वर गेला तर ती ऑक्सिजनशिवायही स्वतःच विघटन पावू शकते, म्हणून रेग्युलेटर त्याच्या पलीकडे कधीच फिरवायचा नाही. एका टाकीतून तासाला तिच्या क्षमतेच्या सातव्या हिश्शापेक्षा जास्त ओढू नका. मोठा नोजल लावून एकाच टाकीवर जाड प्लेट कापणं म्हणजे ॲसिटोन ओढणंच; दोन-तीन टाक्या मॅनिफोल्डवर, म्हणजे एका सामाईक नळीवर, घ्या. डीएच्या स्पिंडलवर चावी काम चालू असेपर्यंत लटकलेलीच हवी, शोधायला लागू नये.

ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला तेल, ग्रीस, ग्रीस लागलेला हातमोजा, काहीही नको. १५० किलोचा दाब एकदम रेग्युलेटरवर आदळला की तिथली हवा दाबली जाऊन तापते आणि ग्रीसचा थेंब पेटतो. पितळी रेग्युलेटर जळून गेलेला पाहिला की पटतं. व्हॉल्व्ह सावकाश उघडा, रेग्युलेटरसमोर तोंड न धरता. फ्लॅशबॅक अरेस्टर (उलटी आलेली ज्योत अडवणारा) दोन्ही नळ्यांवर. आणि नट बसत नसेल तर ॲडाप्टर करून घेऊ नका: पेटणाऱ्या गॅसचे आटे मुद्दाम डावे ठेवलेत, नटावर खाचा केल्या आहेत, ते तुम्हाला अडवण्यासाठीच.

रिक्षाच्या सीएनजी टाकीचं टेस्टिंग दर तीन वर्षांनी करा म्हणतात. टाकी नवीकोरी दिसते. हे पैसे उकळणंच नाही का? एक जण टाकी न काढता सर्टिफिकेट द्यायला तयार आहे.
— रिक्षाचालक, नाशिक

टाकी न काढता सर्टिफिकेट देतो तो मात्र नक्की पैसे उकळतो. खरी चाचणी काय असते ते वाचा म्हणजे फरक कळेल.

टाकी गाडीतून उतरवतात, उरलेला गॅस सुरक्षित जागी सोडतात, व्हॉल्व्ह काढतात. आत दिवा सोडून गंज, तेल, पाणी पाहतात. बाहेरून पट्ट्यांखालचा भाग खास तपासतात, कारण पट्टी आणि टाकी यांच्यामधल्या रबरात चिखल-पाणी अडकून तिथेच पत्रा खातो. वरून नवीकोरी दिसणारी टाकी तिथेच नापास होते. मग वजन: मूळ वजन गळ्यावर पंच केलेलं असतं, त्यातून पाच टक्क्यांहून जास्त घटलं तर टाकी बाद. नंतर पाण्याने भरलेल्या जाकिटात टाकी बुडवून आत पाण्याचाच दाब ३३४ बारपर्यंत चढवतात. रोजचा भरण्याचा दाब २०० बार, त्याच्या पाच-तृतीयांश. दाबाने टाकी फुगते, तेवढं जाकिटातलं पाणी बाहेरच्या काचेच्या नळीत चढतं. दाब सोडला की टाकी आकसते, पाणी उतरतं. पूर्ण उतरलं नाही तर उरलेलं ते कायमचं फुगणं. समजा एकूण २०० मिलिलिटर फुगली आणि २०हून जास्त मिलिलिटर परत आलं नाही, तर टाकी गेली: मर्यादा दहा टक्क्यांची आहे. पोलादाची लवचीकता संपत चालल्याची ही खूण डोळ्यांनी कधीच दिसत नाही.

पास झाली की आतून कोरडी करतात. इथे घाई करणारे असतात, आत राहिलेलं पाणी पुढच्या तीन वर्षांत गंज देतं. ‘गरम हवेने वाळवता का’ असं विचारा. नवी तारीख गळ्यावर पंच होते. प्रमाणपत्रावरचा टाकीचा नंबर आणि गळ्यावरचा नंबर स्वतः ताडून पाहा, व्हॉल्व्हशेजारची पट्टीही बदलून घ्या, कारण पंपावर तीच बघतात.

बाद टाकी ‘भंगारात देतो’ म्हणून परत मागू नका. नियमाने ती पूर्ण चेपायची किंवा परत जोडता येणार नाही अशी कापायची असते. गाडीला आग लागून गेली असेल किंवा कुणी टाकीवर वेल्डिंगचा ठिपका दिला असेल, तर तीन वर्षं भरायची वाट न पाहता आधीच तपासून घ्या.

प्रेशर कुकरही यातच येतो का?
— शिक्षिका, रत्नागिरी

नाही. त्याला भारतीय मानक आयएस २३४७ लागतं आणि २०२०च्या गुणवत्ता आदेशाने आयएसआय शिक्का सक्तीचा केला आहे. आतला दाब साधारण १ किलो. सेफ्टी प्लग त्याच कंपनीचा आणि त्याच मापाचा घ्या.

आमच्या देवस्थानच्या जत्रेत फुगेवाले जुनी सिलिंडरं घेऊन बसतात. समितीने काय पाहावं?
— जत्रा समिती सदस्य, फोंडा

टाकीशेजारी ॲल्युमिनियमचे तुकडे, कॉस्टिक सोड्याची पिशवी आणि पाण्याचा डबा दिसला तर ते दुकान तिथल्या तिथे उठवा. हा माणूस गॅस विकत आणत नाही, टाकीतच हायड्रोजन तयार करतो. रसायनांची ही क्रिया स्वतःच उष्णता सोडते, उष्णतेने आणखी वेगाने चालते, आणि एकदा आत घातल्यावर ती थांबवायला कुठलीही चावी नसते. टाकी भंगारातली, सेफ्टी व्हॉल्व्ह नाही, कॉस्टिकने आतला भाग आणि व्हॉल्व्हची सीट खाल्लेली, तोंड गाळाने चोंदलेलं. दाब वाढत राहतो आणि ग्राहक मुलं असतात, टाकीच्या उंचीची. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के अशा कुठल्याही प्रमाणात पेटतो, म्हणजे टाकी टिकली तरी फुग्यांचा घोस विडीच्या ठिणगीने पेटतो. परवान्याशिवाय सिलिंडरमध्ये गॅस भरणं हाच गुन्हा आहे, त्यामुळे पोलिसांना कळवायला वेगळा नियम शोधायची गरज नाही.

परवानगी फक्त हीलियमला द्या. टाकी पुरवठादाराची, तपकिरी रंगाची, गळ्यावर चाचणीची तारीख असलेली, बरोबर बिल. भावावरूनही अंदाज येतो. सात घनमीटरच्या मोठ्या टाकीत एक फुटी फुगे गणिताने पावणेपाचशेच्या आसपास, प्रत्यक्षात साडेचारशेच्या आसपास भरतात; टाकीच्या बिलाला त्याने भागा. फुगा त्याहून स्वस्त विकला जात असेल तर आत हीलियम नाही. टाकी खांबाला बांधलेली हवी, गर्दीत ती आडवी पडून व्हॉल्व्ह तुटला तर बंद गल्लीत काय होईल ते सांगायला नको.

फरसाणाच्या कारखान्यात एलपीजीची बुलेट (मोठी आडवी टाकी) आहे. दरवर्षी सेफ्टी व्हॉल्व्ह काढून तपासायचा तर उत्पादन बंद ठेवावं लागतं. दोन वर्षांनी केलं तर चालेल?
— व्यवस्थापक, सांगली

चालणार नाही. बुलेटची चाचणी पाच वर्षांच्या आत, पण रिलीफ (म्हणजे सेफ्टी) व्हॉल्व्हची वर्षातून एकदा, हे नियमात आहे. उत्पादन बंद ठेवायचं कारण तुमच्या बांधणीत आहे: एकच व्हॉल्व्ह दिसतो. दोन रिलीफ व्हॉल्व्ह आणि त्याखाली चेंजओव्हर व्हॉल्व्ह बसवला की एक काढला तरी दुसरा टाकीशी जोडलेला राहतो, कुठल्याही क्षणी टाकी उघडी पडत नाही. त्याऐवजी खाली साधा आयसोलेशन व्हॉल्व्ह टाकून देण्याचा स्वस्तातला सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. कधीतरी तो बंदच राहून जातो. बदल करण्याआधी ड्रॉइंगला पेसोची मंजुरी घ्या. दुरुस्ती आधी आणि कागद नंतर असं केलं तर परवानाच अडकतो.

टँकरवाला ‘थोडं अजून बसतं’ म्हणतो तेव्हा रोटोगेज (टाकीतली पातळी दाखवणारा गेज) तुमच्या माणसाने वाचायचा. ८५ टक्क्यांवर थांबायचं. द्रव एलपीजी तापल्यावर पाण्याच्या दहापट तरी फुगतो. वैशाखातल्या दुपारी वरची मोकळी जागा संपली तर आत दाबायला वाफच उरत नाही, द्रव थेट पोलादाला ढकलतो. आणि पाण्याची चाचणी झाल्यावर बुलेट थेट गॅसने भरू नका: आधी तळाचं पाणी पूर्ण काढा, मग नायट्रोजनने हवा हाकला.

वडिलांना घरी ऑक्सिजन लावायचा आहे. भाड्याने मिळणारी टाकी वैद्यकीयच आहे हे कसं ओळखू? रात्र निघेल का?
— वाचक, डोंबिवली

अंग काळं आणि खांदे पांढरे असा वैद्यकीय ऑक्सिजनचा रंग आहे. नुसती काळी टाकी वेल्डिंगची. २०२१च्या लाटेत नायट्रोजन आणि आर्गॉनच्या टाक्या वैद्यकीय ऑक्सिजनसाठी बदलून घ्यायला पेसोने परवानगी दिली होती, त्यामुळे काही टाक्यांवर जुन्या रंगाचे ओरखडे दिसतील. रंगावर पूर्ण विसंबू नका. लेबल, भरणाऱ्याचं नाव, बॅच आणि गळ्यावरची पाच वर्षांच्या आतली चाचणीची तारीख बघा.

रात्रीचा हिशेब सोपा आहे. ‘बी’ टाइप टाकीत पाणी दहा लिटर मावतं, दाब १५० बार असताना ऑक्सिजन १५०० लिटर. मिनिटाला दोन लिटर लावला तर ७५० मिनिटं, म्हणजे साडेबारा तास. गेज ७५वर आलं तर सहा तास. पुरवठादार कधीकधी १२०वर भरून देतात, म्हणून टाकी घेताना रेग्युलेटर लावून गेज वाचा आणि लिहून ठेवा. काटा ३०च्या खाली जाऊ देऊ नका, तोवर दुसरी टाकी जोडलेली हवी.

टाकी पलंगाच्या पायाशी बांधून उभी करा. खोलीत देवाचा दिवा, उदबत्ती, विडी काही नको. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण चादरीत मुरलेला असतो तेव्हा एका ठिणगीने चादर भडकते, आणि टाकी बंद केल्यावरही काही वेळ हे राहतं. नाक कोरडं पडतं म्हणून व्हॅसलिन लावू नका, तेही तेलच. पाण्यावर आधारित जेल औषधांच्या दुकानात मिळतं. ह्युमिडिफायरच्या बाटलीत उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड पाणी खुणेपर्यंतच, रोज बदलून. बुडबुडे येत नसतील तर आधी बाटलीचं झाकण नीट बसलंय का ते पाहा, बहुतेक वेळा आटा वाकडा चढलेला असतो.